खारट गुळाचं साल

लग्न होऊन मी रेवदंड्याला आले तेव्हा सुपारीच्या वाडीमागे आमचा उसाचा एक तुकडा होता. समुद्र जवळ असूनही विहिरीचं पाणी गोड होतं. रेडा रहाट ओढायचा आणि पाटाने पाणी हळूहळू उसाला जायचं. माझ्या यजमानांचा त्या उसावर भारी जीव. सकाळी चहाच्या आधी ते तिकडे फेरी मारून यायचे.

पुढे काही वर्षांनी त्यांनी मुंबईहून मचव्यातून तेलाचं इंजिन आणलं. अख्खी आळी बघायला जमली. जे पाणी उपसायला रहाटाला अख्खा दिवस लागायचा, ते न्याहारीच्या आतच निघायला लागलं. हे खुशीत येऊन म्हणाले, "आता दुप्पट ऊस लावतो." आणि लावलाही.

त्या उन्हाळ्यात घरात डाळ शिजेनाशी झाली.

"डाळ जुनी हाय काय गं?" सासूबाईंनी विचारलं. नवी आणली तरी तेच. मग मी विहिरीचं पाणी चाखून बघितलं, तर मचूळ! उसात गेले तर सऱ्यांमध्ये पांढरी पापडी धरलेली, पानांच्या कडा करपलेल्या.

थंडीत गुऱ्हाळ लावलं. रस कितीही आटवला तरी गूळ धड घट्ट होईना. सासूबाईंनी बोटभर चाखला आणि म्हणाल्या, "ह्यात मीठ कोनी घातलं?"

आम्ही सगळे हसलो. हेही हसले, पण नंतर पडवीत जाऊन एकटेच बसले. मी शेजारी जाऊन बसले.

"गोडं पाणी आपणच उपसून संपवलं," ते म्हणाले. "मग खालून समुद्र आत आला. तेच पाणी मी उसाला पाजत बसलो."

"मग आता?"

"इंजिन देऊन टाकतो. रहाट आहेच."

इंजिन भाताच्या गिरणीवाल्याकडे गेलं. तो गूळ बाजारात न्यायला मात्र यांनी साफ नकार दिला. वर्षभर तो आम्हीच खाल्ला.

ऊस तुटल्यावर मागे उरलेला वाळका पाला, पाचट, जाळायची आमच्याकडे रीत होती. त्या वर्षी यांनी काडी लावू दिली नाही. पाचट जमिनीवर पसरलं, म्हणजे ओल टिकेल, पाणी कमी लागेल आणि खार वर येणार नाही. पावसाळ्यात शेताला बांध घालून पाणी तुंबवायचं, दोन-तीन दिवस मुरू द्यायचं आणि चर काढून खाडीकडे सोडून द्यायचं, म्हणजे जमिनीतला खार त्याबरोबर धुऊन जाईल, असं चाललं होतं. चरातून वाहणारं पाणी हे ओंजळीत घेऊन चाखायचे. मलाही हाक मारायचे. डोक्यावर इरलं घेऊन मी चिखल तुडवत जायची.

"सांग, कालच्यापेक्षा कमी खारट आहे ना?"

कधी खरंच कमी असायचं. कधी मला फरक कळायचा नाही, तरी मी "हो" म्हणायची. सासूबाई दारातून ओरडायच्या, "दोघंबी आजारी पडाल!"

पुढच्या थंडीत गूळ थोडा सुधारला. त्याच्या पुढच्या थंडीत ढेप घट्ट बसली, रंगही पिवळाधमक आला. यांनी पहिला खडा सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चघळला आणि दुसरा मागितला.

खाडीकडचा कोपरा मात्र खारवून कायमचा गेला. तिथे आम्ही माड लावले. माडाला खाराचं वावडं नसतं.