तिच्या वाटणीचं सोडून

दारात उभा राहिला की तो आधी परत जायची गोष्ट काढायचा. "आत्ता नको असेल तर मी जातो. मला राग येत नाही." चपला काढायच्या आधी हे वाक्य. पाणी दिलं की तांब्या हातात धरून पुन्हा, "कंटाळा आला तर मधेच उठा. कारण सांगायची गरज नाही." मतं मागणारे, जमिनी मागणारे, वर्गणी मागणारे तुम्हीही दारात पाहिले असतील. परत जायला इतका तयार माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

कुठल्याशा आरोग्याच्या संस्थेनं त्याला पाठवला होता. वेल्ह्याला तहसील कचेरीच्या मागं खोली घेऊन राहायचा आणि एसटीनं आमच्या खोऱ्यातली गावं फिरायचा. काम काय, तर पुरुषांना त्यांच्या झाकल्या दुखण्यांचं विचारायचं. निरोध वापरला का, गुप्तरोग झाला का, झाला तर कुणाला सांगितलं, बायकोला सांगितलं का. उत्तरं एका छोट्या यंत्रात भरून घ्यायचा. पण त्याआधी दोन पानांचा कागद वाचून दाखवायचा आणि खाली सही घ्यायचा. नाव कुठं येणार नाही, सांगितलेलं पुढं नको वाटलं तर परत घेता येईल, असं त्यात होतं. गावानं त्याचं नावच पाडलं, परवानगीवाला.

आमच्याकडं पिशवीत कागद घालून येणारा म्हणजे जमिनीचा एजंट. किती जणांचे सातबारे अशा सह्यांनी गेले. त्यामुळं पहिले दोन दिवस लोक त्याला लांबूनच नमस्कार घालायचे. माझा चुलतभाऊ मात्र उलट्या डोक्याचा. त्याला वाटलं, ही सरकारी योजना. कागद वाचून व्हायच्या आत त्यानं अंगठा शाईत बुडवून उठवला आणि मिळणार काय ते विचारलं. परवानगीवाल्यानं त्या कागदाचे चार तुकडे केले, खिशात घातले आणि नवा कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. भाऊ वैतागून म्हणाला, "पोथीला बसलो अस्तो तर परसाद तरी मिळाला अस्ता."

मग सरपंचानं मनावर घेतलं. सकाळी देवळात वीस-बावीस बाप्ये ओळीनं बसवले आणि त्याला बोलावून घेतलं. तो आला, ओळ बघितली, आणि हात जोडून सगळ्यांना घरी जायला सांगितलं. ज्याला बोलावंसं वाटेल त्यानं आपणहून यावं, म्हणाला. सरपंचाचं तोंड उतरलं. "आमी मानसं गोळा करून दिली आन तुमी हाकलताय? लसीच्या येळंला कोन इचारत व्हतं का?"

"साहेब, गावात यायला तुमची परवानगी लागते. ह्यांच्या पोटातलं विचारायला ह्यांची."

त्यानंतर चार दिवस कुणी गेलं नाही. तो पारावर बसून शेंगा खायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून मान हलवायचा. हळूहळू एकेक जण गेला.

त्याची बसायची जागा बघण्यासारखी होती. खोलीत दार लावून बसलं की शेजारी भिंतीला कान लावणार, म्हणून भात कापून झालेल्या खाचराच्या मधोमध पोतं टाकायचा. चारी बाजूंनी उघडं. कोण येतंय ते लांबून दिसायचं. आलंच कुणी, तर यंत्र बंद करून पिकाची गोष्ट काढायचा. पिकातलं त्याला काही कळत नव्हतं. "हा इंद्रायणी का?" एवढाच प्रश्न ठाऊक. एकदा नाचणीच्या वावरातही त्यानं तोच विचारला. पण लोक हसत उठायचे, आणि कोण काय बोललं ते गावाला कळायचं नाही.

मी गेलो सगळ्यात शेवटी. बायको जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. पोरगी लग्न होऊन लांब. मी भात शिजवायचो आणि दोन्ही वेळा तोच खायचो. दिवसात माझ्या तोंडून शब्द निघायचा तो म्हशीला हाकलायला. खरं सांगतो, मी हो म्हटलं ते कुणाच्या आरोग्यासाठी नाही. माणूस समोर बसावा म्हणून म्हटलं.

पारावर पोरं हसली. म्हाताऱ्याचं दुकान कवाच बंद झालं, त्याला काय इचारायचं, म्हणाली. मी म्हटलं, बंद दुकानातच जुना माल असतो.

परवानगीवाल्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "काका, एकटं वाटतंय म्हणून हो म्हणताय का?"

मला राग आला. दुसऱ्याच्या घरात शिरून चुलीवरचं झाकण काढल्यासारखं वाटलं. तोंडाला येईल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि कागद पिशवीत ठेवला. "उद्या येतो. उद्याही हो असेल तर बसू. आणि बोलायचं नसेल तर नुसतंही बसू." दुसऱ्या दिवशी खरंच आला. मी आधीच खाचरात जाऊन बसलो होतो.

त्या दिवशी मी तोंड उघडलं ते मिटलंच नाही. मी टेम्पो चालवायचो, शिवऱ्याजवळ हायवेला मुक्काम पडायचे. तिथनं एक दुखणं घेऊन घरी आलो. ते बायकोला लागलं. भोरच्या डॉक्टरनं दोघांना गोळ्या दिल्या आणि दोघांनी घ्यायच्या म्हणून बजावलं. तिनं घेतल्या, मी नाही. एवढं माझं. पुढं तिचं काय झालं, किती वर्षं, ती मला काय म्हणाली, कुणापासून काय लपवलं, ते सगळं मी त्या पोत्यावर बसून सांगितलं. त्यानं तीनदा यंत्र बंद करून विचारलं, पुढं बोलायचं का. तिन्ही वेळा मी चालू ठेव म्हटलं. उठलो तेव्हा अंग हलकं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मेव्हणी आली, उत्रोलीहून, फडक्यात भाकऱ्या बांधून. म्हाताऱ्यानं उपाशी मरू नये म्हणून अधूनमधून यायची. समोर बसून वाढत होती आणि बहिणीच्या आठवणी काढत होती. मला घास गिळेना. जे बायकोनं सख्ख्या बहिणीला मरेपर्यंत कळू दिलं नाही, ते मी परगावच्या माणसाला सांगून बसलो होतो. मेव्हणीला वाटलं मिरची लागली.

ती गेली तसा मी वेल्ह्याची एसटी धरली. खोलीचं दार उघडंच होतं.

"सांगितल्यालं परत द्या," म्हटलं.

त्यानं कारण विचारलं नाही. लगेच यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग मलाच राहवलं नाही. "सही माझी हाय. गोष्ट तिची. तिला कुटं इचारलं व्हतं आपुन?"

त्यानं तो दोन पानांचा कागद पुढून-मागून बघितला. रोज वाचत होता, पाठ होता त्याला. तरी परत वाचला. म्हणाला, "काका, ह्यात त्यांच्यासाठी जागाच नाही. माझ्याही लक्षात आलं नाही." मग विचारलं, "त्या काय म्हणाल्या असत्या?"

"न्हाई म्हनली अस्ती. वर मला शिव्या."

माझ्यासमोर त्यानं सगळं पुसलं. पुसण्याआधी, ऐकायचं का, विचारलं. मी नको म्हटलं. आता कधी कधी वाटतं, ऐकायला हवं होतं. तिच्याबद्दल इतकं सलग मी जन्मात कधी बोललो नव्हतो.

चहा आला. तो म्हणाला, तुमच्या वाटणीचं सांगायचं असेल तर ते तुमच्या हातात आहे, नसेल तर चहा पिऊन एसटीला बसा. मी यंत्र जवळ ओढलं. "डाक्टरनं दोगांना गोळ्या दिल्या व्हत्या. मला लाज वाटली, म्या घेतल्या न्हाईत." तिसरं वाक्य तोंडाशी आलं, पण ते तिचं निघालं. थांबलो. तासाभराचं एवढंच उरलं.

निघताना विचारलं, "ह्यातलं गेलं. तुमच्या डोक्यातलं?"

"ते पुसता येत नाही," तो म्हणाला. "पण माझ्यापाशीच राहील."

खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. तिनं काय सोसलं ते माझ्याशिवाय आणखी एका माणसाला माहीत होतं. एसटीत बसून मला त्याचाच आधार वाटत होता.

त्यानंतर तो दोनदा आला, नुसता बसायला. मी भात वाढला, त्यानं खाल्ला. पुढं काम संपलं. मेला असं समजू नका. कुठं विदर्भाकडं दुसऱ्या कामाला लागला म्हणतात. दिलेला नंबर संस्थेचा होता, तिथं आता दुसरं कोणी फोन उचलतं आणि नम्रपणे बोलतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच संस्थेची एक बाई देवळात आली. गावोगावच्या पुरुषांनी काय सांगितलं ते वाचून दाखवलं, कुणाचं नाव न घेता. मी दाराकडं बघत होतो, तो मागनं येईल म्हणून. नाही आला. मग तिनं माझी दोन वाक्यं वाचली. ती म्हणाली, त्या माणसानं एवढंच सांगितलं, पण असं दुखणं झालं तर औषध नवरा-बायको दोघांनीही घ्यायचं असतं. मला पुढं जाऊन तिला विचारायचं होतं, तो कसा आहे, जेवतो का वेळेवर. पण मग ते बोलणारा मीच, हे सगळ्यांना कळलं असतं. बसून राहिलो.

सभा सुटली. वाटेनं चुलतभाऊ आणि चार-पाच जण पुढं चालले होते आणि त्याच माणसाविषयी बोलत होते. एक म्हणाला, असल्याला जोड्यानं मारला पायजे. भाऊ म्हणाला, मारायचा कशाला, बोलला तरी बिचारा, बायकूनं काय भोगलं आसंल कुनाला ठावं. मी चार पावलं मागं होतो. भाऊ मधेच थांबला, मागं वळून म्हणाला, "चल की, मागं का पडलास?"

पाय दुखतोय म्हटलं. ते पुढं निघून गेले.