चंद्रीच्या तालावर

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माती मी आयुष्यात बऱ्याचदा खाल्ली, पण गोठ्यात बसून खाल्लेली ही एकदाच. चहा घ्या, सांगते.

आमचा रॉक बँड दोघींचा. मी गिटार वाजवते आणि गाते, दीपा ड्रम वाजवते. सराव दीपाच्या घरी, गोठ्यावरच्या माळ्यावर. खालून वैरणीचा वास, कौलांतून उतरणारं चारचं ऊन, आणि नेमक्या त्याच वेळेला काकू, म्हणजे दीपाची आई, चंद्री म्हशीची धार काढायच्या. बादलीत चर्र... चर्र... इतका सावकाश आणि इतका पक्का ताल, की दीपा नकळत त्यावरच वाजवायची. मी डोळे मिटून गायचे. त्या वेळी अख्खं कोल्हापूर ढगावर ठेवल्यासारखं वाटायचं मला. सगळी गाणी आम्ही मोबाईलवर तशीच रेकॉर्ड केली.

पण दीपाच्या वडिलांनी, आबांनी, निकाल देऊन टाकला होता. "यंदा अल्बम न्हाय झाला, तर ड्रम आजऱ्याच्या मामाला. लग्नात वाजवंल तरी." दीपा दोन दिवस धड जेवली नाही.

म्हणून शाहूपुरीतल्या एका स्टुडिओत जाऊन तीच गाणी आम्ही पुन्हा, स्वच्छ रेकॉर्ड केली. पुण्याच्या एका कंपनीला ती पाठवायचं काम माझ्याकडे होतं. मी पाठवलीही. फक्त तंद्रीत होते, त्यामुळे गेली ती गोठ्यातली.

हे मला कळलं आठवड्याने, कंपनीच्या साहेबांचा फोन आला तेव्हा. "गाणी सुरेख आहेत. स्वप्नात असल्यासारखं वाटतं. मागे तो चर्र-चर्र ताल आहे ना, तो कुणी वाजवलाय?"

इथं खरं बोलायला काय झालं होतं? पण जरा कौतुक झालं की माझा माझ्यावर ताबा राहत नाही.

"मी," म्हटलं. "आमच्याकडचं जुनं वाद्य आहे."

"मग रविवारी येतोच. प्रत्यक्ष ऐकलं की अल्बम नक्की करू."

स्पीकरवरचा फोन ठेवला तर दीपा माझ्याकडे बघत उभी. "तू धार काढणार? तुला दुधाची पिशवी कापता येत न्हाय."

रविवारी साहेब गोठ्यात पोत्यावर बसले. आबा दाराशी, हाताची घडी घालून. माळ्यावर दीपा काठ्या घेऊन बसलेली, पांढरीफटक. मी बादली घेऊन चंद्रीपाशी बसले, आचळ धरलं आणि ओढलं. थेंब नाही. जरा जोरात ओढलं. चंद्रीने मान वळवून मला नीट बघून घेतलं आणि एकच लाथ घातली. बादली साहेबांच्या पायाशी, मी शेणात.

"सरक तिकडं," म्हणत काकू पुढे आल्या. "आचळ हाय ते, गिटारची तार न्हवं."

साहेब गोंधळले. "मग तो ताल?"

"ताल कसला पावणं? धार काढतो की आम्ही रोज."

काकूंनी चंद्रीची पाठ थोपटली, तिने पान्हा सोडला. चर्र... चर्र... वरून दीपाचा ड्रम हळूच त्यात मिसळला आणि शेणात बसल्या बसल्याच मी गायला लागले. साहेबांनी डोळे मिटले. आबांच्या हाताची घडी कधी सुटली, कळलंच नाही. मला तर रडूच आलं.

गाणं संपल्यावर साहेब पोत्यावरून उठले. मग म्हणाले, "काही बदलू नका. पाठवलंत तसंच काढू."

अल्बम निघाला. ड्रम घरातच राहिला. आबा आता जोतिबाला जाताना गाडीत आमचीच गाणी लावतात.

अल्बमवर वादकांत काकूंचं नाव आहे, चंद्रीचंही आहे. माझंही आहे, गिटारपुढे, बारीक अक्षरात. ते काही कुणी वाचत नाही. गोठा बघायला लोक आले की काकूंनाच माझी ओळख करून द्यावी लागते.

"ही बी बँडातलीच हाय," त्या सांगतात. "चंद्रीनं लाथाडली ती."