काकूंच्या नळाचं फडकं

“हे पाहा मॅडम. अन् मंग सांगा, तुमची नवी लाईन चांगली आहे म्हून!”

सुशीलाकाकूंनी नळाला बांधलेलं फडकं सोडून माझ्या हातात दिलं. ओलं, तांबूस, मधोमध गंजाचा गाळ. काकूंचं वाशीमच्या त्या बोळीत किराणा दुकान, मागे घर. घर जैन, त्यामुळे गाळल्याशिवाय पाणी तोंडाला लागत नाही.

“सून दवाखान्यात आहे. कावीळ. सातवा महिना आहे तिले.” काकू म्हणाल्या. “तिले काही झालं तं मी कोनाले इचारू?”

मी नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. गरोदरपणातली कावीळ जिवावर बेतू शकते, हे मला माहीत होतं.

बोळीतली जुनी लाईन बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. सांधे शिसं ओतून बंद केलेले, आणि सगळी नालीला खेटून. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. पाणी बंद झालं की रिकामा पाइप फुटक्या सांध्यांतून नालीतलं पाणी आत ओढतो. म्हणून तर आम्ही नवी एचडीपीईची लाईन टाकली, जाड काळ्या प्लास्टिकची. पुढच्या वस्तीचं काम बाकी होतं, तोवर जुनीतही पाणी सोडावं लागत होतं. बोळीतल्या लोकांना मात्र बजावलं होतं, जुनं कनेक्शन कापून टाका; ‘कापलं’ म्हणाले की आम्ही सही करून मोकळे.

तेवढ्यात साहेबांचा फोन. “मॅडम, नगरसेवक डोक्यावर बसले. त्या बोळीची नवी लाईन बंद करा, जुनीच राहू द्या.”

“सर, उद्याचा दिवस द्या.”

“कायले?”

“प्लास्टिकला गंज चढत नाही, सर.”

“बरं, उद्या. पण उद्याच!”

दुसऱ्या दिवशी बोळीची पाण्याची पाळी होती. काकूंनी नळाला धुतलेलं पांढरं फडकं बांधलं. काका दारात उभे. मी व्हॉल्व्हमनला फोनवर सांगितलं, “रमेशभाऊ, नवी लाईन पूर्ण बंद करा. फक्त जुनी सोडा.”

आता त्या नळाला थेंबही यायला नको होता. नळ आधी फसफसला. मग धो धो सुरू झाला. फडकं बघता बघता लाल झालं.

“नवी बंद आहे न?” काकूंनी विचारलं.

“बंद आहे.”

“मंग हे कोठचं पानी?”

नळामागची भिंत फोडली. आत एक टी निघाली, तीन तोंडांचा जोड. एका तोंडाला नवा पाइप, दुसऱ्याला जुना.

काकांनी मान खाली घातली. “मीच बसवून घेतली. नव्याचा काय भरवसा? म्हटलं, दोनी असू द्या.”

माझं डोकं असं तापलं होतं की विचारू नका. पण काकू हातातल्या लाल फडक्याकडे बघत होत्या.

“म्हंजे मी रोज गाळू गाळू तिले हेच पाजलं?”

फडकं गाळ अडवतं, कावीळ नाही. हे मी तेव्हा बोलले नाही. “आधी पाइप कापू, काकू. तुम्ही दवाखान्यात पाणी उकळून न्या,” एवढंच म्हणाले.

बोळीत अशा टी बऱ्याच घरांत होत्या. मी घसा फोडून समजावलं, तर म्हणे, “राहू द्या न मॅडम, ते जुनं काय भाकर मागून राह्यलं?” शेवटी काकूच माझ्याबरोबर निघाल्या. दर दारात ते लाल फडकं उघडायचं आणि म्हणायचं, “हे माह्या घरचं आहे.” पुढे कोणी वाद घातला नाही.

सून वाचली. मुलगी झाली, जरा लवकर, पण धडधाकट. आता नवं कनेक्शन देताना जुनं आमचाच माणूस कापतो, आणि मी समोर उभी असते. लोकांच्या शब्दावर काम पूर्ण झाल्याची सही करत नाही.

परवा त्या बोळीत गेले होते. नळाला फडकं होतंच, पांढरंशुभ्र. गॅसवर पाण्याचं पातेलं उकळत होतं.

“आता दोन्ही कायले, काकू?” मी चिडवलं.

मांडीवरच्या नातीला थोपटत त्या म्हणाल्या, “गाळनं धर्मासाठी. उकळनं हिच्यासाठी.”