नवव्या पानावरचा खुलासा

माझं झेरॉक्सचं दुकान सार्वजनिक वाचनालयाच्या जिन्याखाली आहे. लोकांचे कागद वाचायचे नाहीत हा आमच्या धंद्याचा नियम, आणि तो मी रोज मोडते. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली तिथे सकाळी सातला येऊन बसतात, आणि त्यांचे अर्ज, दाखले, नोट्स सगळं माझ्या मशीनच्या काचेवरून जातं. त्यामुळे राज्यघटनेची कलमं आणि कोणत्या खात्याचा मंत्री कोण, हे मला आयतंच पाठ झालं. एकदा नवऱ्याशी वाद घालताना मी मूलभूत कर्तव्यांचा हवाला दिला, तर त्याने निमूटपणे स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

चालूकाकांची आणि माझी ओळखही या काचेवरच झाली. चालू घडामोडी तेच लिहितात म्हणून मुलांनी हे नाव ठेवलेलं. एरवी इतका सरळ माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. रांगेत कोणी पुढे घुसलं तर हे आणखी एक पाऊल मागे सरकतात. मी दोनदा रागावून बघितलं, मग नाद सोडला.

काका मूळचे वाचनालयातले पुस्तकबांधणी करणारे. बांधणीचं काम बाहेर द्यायला लागले तेव्हा त्यांना वर अभ्यासिकेत शिपाई म्हणून पाठवलं. तिथे त्यांनी बघितलं, की सकाळचे नऊ वाजेपर्यंत पेपरला खिडक्या पडलेल्या असतात. ज्याला जी बातमी हवी, ती तो फाडून खिशात घालतो. बांधणीवाल्याला कागद फाडलेला बघवत नाही. आयुष्यात एकदाच म्हणे ते ओरडले. "फाडू नका रे! काय हवंय ते सांगा, मी कापून चिकटवून देतो!" बोलून बसले, आणि सतरा वर्षं ते बोलणं निस्तरत राहिले.

त्यांची पद्धत ठरलेली. अभ्यासिकेच्या अंकाला कात्री लावायची नाही. शेजारच्या केशकर्तनालयातला अंक दुसऱ्या दिवशी आणायचा, त्यावरचे केस झटकायचे आणि कापायला बसायचं. चिकटवायला पिठाची खळ. बाजारातल्या गोंदाने कागद पिवळा पडतो म्हणतात. प्रत्येक कात्रणाशेजारी समासात तारीख आणि पान क्रमांक. अशा सदतीस वह्या त्यांच्या कपाटात आहेत. रोज आठ वाजता ते फळ्यावर दहा ओळी लिहायचे, आणि महिना संपला की त्या ओळींचा संच करून माझ्याकडे चाळीस प्रतींसाठी आणायचे. शहाणी शहाणी मुलं महागड्या क्लासच्या नोट्स बाजूला ठेवून तो संच उशाशी घेऊन झोपायची.

त्यांचा एक दंडक होता. होणार आहे ते पेन्सिलीने वहीत, आणि झालं तेच खडूने फळ्यावर. "अर्ध्या बातम्या 'होणार'च्या असतात, ताई," मला म्हणायचे. "पोरं त्या पाठ करतात, आणि होत काहीच नाही."

एवढा सावध माणूस चुकला. त्यात माझाही हात होता, म्हणून तर सांगायला बसले.

गेल्या वर्षी एका महिन्याच्या शेवटी पेपरात पहिल्या पानावर बातमी आली, की देशातलं पहिलं तरंगतं हवामान केंद्र पूर्वेकडच्या बंदरात सुरू झालं. सुरू झालं, होणार नाही. काकांनी खडूने लिहिलं. दोन दिवसांनी त्याच पेपरात नवव्या पानावर चार ओळी आल्या: वादळामुळे केंद्र ऐनवेळी दक्षिणेकडच्या बंदरात हलवून तिथेच सुरू करण्यात आलं, आधीच्या वृत्ताबद्दल दिलगीर आहोत. काकांच्या हाती कापायचा अंक एक दिवस उशिरा पडतो. तोवर महिना उलटला होता आणि चाळीस संच वाटून झाले होते.

काका संचाचं दुरुस्त केलेलं पान घेऊन धावत खाली आले. माझ्यापुढे लग्नपत्रिकांचा ढीग होता, मशीन तापलेलं होतं आणि मीही. मी म्हटलं, "अहो काका, चार ओळींसाठी चाळीस पानं परत कुठे काढता? पुढच्या संचात शुद्धिपत्र टाका की. कोण मरतंय?"

ते मागे सरकले. रांगेत सरकतात तसेच. फळ्यावरही मग त्यांनी लिहिलं नाही, कारण फळा आणि संच यांनी वेगवेगळं बोलू नये हा दुसरा दंडक. दुरुस्ती दोन्हीकडे एकदमच करू, म्हणाले. पुढच्या महिन्यात अर्थसंकल्प आला, निवडणुका आल्या, आणि त्या चार ओळी राहून गेल्या.

अभ्यासिकेत एकालाच ते आठवत होतं. त्याला सगळे हरकतराव म्हणतात. वय सदतीस, कपाळाला कायम आठी, आणि दिवसाला पाच तरी आक्षेप. पंखा फार फिरतो, फार हळू फिरतो, फळ्यावरची सहावी ओळ चुकली. त्याने तो खुलासा स्वतः वाचला होता, काकांना सांगितलाही होता. पण ज्याचा रोजच पाऊस पडतो त्याच्यासाठी छत्री कोण उघडणार? वयाच्या अटीप्रमाणे या वर्षीची परीक्षा त्याची शेवटची.

दुसरी परीक्षार्थी काकांची लेक. एकुलती एक, तिसऱ्यांदा बसलेली. रविवारी बापाशेजारी बसून कात्रणं चिकटवायची आणि समासात तारखा घालायची, इतक्या बारीक अक्षरात की मशीनला उमटवताना घाम फुटावा. मला मावशी म्हणते. काकांना स्वतःसाठी कधी काही मागताना मी बघितलं नाही. फक्त तिचा परीक्षेचा अर्ज भरताना ते माझ्या संगणकाशी हात जोडून उभे राहिले होते.

आणि पूर्वपरीक्षेत तोच प्रश्न आला. कोणत्या बंदरात? आठवड्याभराने आयोगाने पहिली उत्तरतालिका लावली, तर तिच्यात उत्तर होतं पूर्वेकडचं बंदर. वर एकच जल्लोष झाला. चूक आमच्या फळ्याची, तीच आयोगाची! सगळ्या अभ्यासिकेने एकमुखाने चुकीचं लिहून गुण मिळवला होता. फक्त हरकतरावाने दक्षिण लिहिलं होतं, आणि त्याचा गुण गेला, वर चुकीच्या उत्तराचा म्हणून पाव कापला गेला.

गुण कितीवर अडणार याचा अंदाज दोन दिवसांत सगळीकडे फिरला. काकांची लेक बरोब्बर त्या रेषेवर होती. हरकतराव रेषेच्या एक पायरी खाली. तालिका बदलली तर तो वर, ती खाली. शाळेतल्या पोरालाही कळावं असं गणित होतं.

तालिकेवर आक्षेप नोंदवायला सात दिवस असतात, पण पुरावा जोडावा लागतो. हरकतरावाने माझ्याच संगणकावर दोन दिवस शोधलं. चुकलेली बातमी पंचवीस ठिकाणी सापडली, खुलासा कुठेच नाही. पेपरच्या कचेरीत विचारलं, तर जुना अंक काढून द्यायला पंधरा दिवस लागतील म्हणाले. अभ्यासिकेचे अंक कधीच रद्दीत गेले होते. शेवटी तो काकांकडे गेला.

"काका, ते कात्रण तुमच्या वहीत असणार."

"बघतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही "बघतो." तिसऱ्या दिवशीही. वही शोधायला सतरा वर्षांत त्यांना कधी दोन मिनिटं लागली नव्हती. मी सगळं बघत होते, आणि खरं सांगते, मनातून म्हणत होते, नका सापडवू. पोरगी एकदा पार होऊ दे, त्या किरकिऱ्याचं काय मोठंसं! असा विचार आला त्याची आज लाज वाटते, पण आला होता.

सातव्या दिवशी दुपारी हरकतराव माझ्या दुकानात स्टुलावर बसून होता. अर्ज तयार, पुराव्याची जागा कोरी. पाचला मुदत संपणार होती. त्या दिवशी त्याने पंख्याबद्दलही तक्रार केली नाही. साडेतीनला जिन्यावर पावलं वाजली आणि काका पस्तिसावी वही छातीशी धरून खाली आले.

"पान चौऱ्याण्णव," म्हणाले. "समासासकट स्कॅन करा, ताई."

मी वही घेतली नाही. म्हटलं, "काका, विचार केलात ना?"

"तीन दिवस केला. पाच मिनिटांत व्हायला हवा होता." "पहिल्याच दिवशी हे पान उघडलं होतं मी. मग मिटलं. त्या खुलाशामुळे नाही. समासातल्या तारखेमुळे."

मी बघितलं. चार ओळींचं कात्रण, आणि शेजारी ते मुंगीएवढं अक्षर. खुलासा लेकीनेच चिकटवला होता. वाचल्याशिवाय ती काही चिकटवत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

हरकतराव ताडकन उठला. "म्हणजे तिला माहीत होतं? मग तिने पूर्व कसं लिहिलं?"

"तेच विचारायचं धाडस होत नव्हतं," काका म्हणाले.

पोरगी जिन्यातच उभी होती. बाप वही घेऊन खाली गेला हे बघून मागोमाग आली असणार. खाली आली, वहीवरून बोट फिरवलं, आणि आधी हरकतरावाकडे बघून म्हणाली, "दादा, तुमचंच बरोबर आहे." मग बापाकडे वळली.

"मला दोन्ही आठवत होतं, बाबा. हा खुलासापण आणि फळापण. पाच मिनिटं पेन हातात धरून बसले होते. पण फळा तुमच्या अक्षरात आठवत होता. तुम्ही चुकला असाल असं मला तिथे लिहवेना."

काका खाली बसले. स्टूल रिकामं झालं होतं म्हणून बरं, नाहीतर जमिनीवरच बसले असते. रडले नाहीत, नुसते बांधणीवाल्यासारखे वहीच्या कडा तळहाताने सारख्या करत राहिले. कडा सारख्याच होत्या. मग म्हणाले, "मी चुकलो होतो, पोरी. आणि चुकलोय हे मला माहीत होतं. मीच पुसलं नाही."

मशीनच्या मागे उभी राहून मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी सांगून टाकलं. "काका, तुम्ही आला होतात पान घेऊन. मी परत पाठवलं."

"तुम्ही सांगितलंत म्हणून परत जायला मी काय लहान होतो?" ते म्हणाले. सतरा वर्षांत माझ्याशी इतकं कडक ते पहिल्यांदाच बोलले.

मी पान स्कॅन केलं. चार वाजता हरकतरावाचा आक्षेप गेला. तो बाजूला झाला तर पोरगी संगणकासमोर बसली आणि स्वतःचा क्रमांक टाकायला लागली.

"तू कशाला?" हरकतराव म्हणाला. "माझा गेलाय. पुरावा तोच आहे."

"तारीख माझ्या हातची आहे," ती म्हणाली. "उद्या कोणी विचारलं तर मी सांगायला हवी."

स्वतःचा गुण कापून घ्यायचा अर्ज भरणारी उमेदवार मी तोवर बघितली नव्हती. काकांनी तिला अडवलं नाही. अडवतील असं मला वाटलं होतं.

अंतिम तालिकेत दक्षिणेकडचं बंदर आलं. हरकतराव पार झाला; आता मुख्य परीक्षेच्या नावाने वर पंख्याशी भांडत बसलेला असतो. पोरगी सव्वा गुणाने राहिली. अभ्यासिकेतले आणखी दोघे त्याच एका प्रश्नापायी राहिले. त्यातला एक काकांशी अजून बोलत नाही, आणि काका त्याच्या टेबलावर रोज पेपर नेऊन ठेवतात. निकालाच्या दिवशी पोरगी दुपारभर दिसली नाही. रविवारी आली आणि खळीचं भांडं घेऊन बसली. तिच्या हातात अजून एक परीक्षा आहे.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, काका एक कागद घेऊन माझ्या दुकानात आले. वर्षापूर्वीच्या त्या संचाचं तेच पान, हवामान केंद्राची ओळ दुरुस्त केलेली. खाली त्यांच्या अक्षरात 'चूक माझी', त्याखाली सही, आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात त्या दिवशीची तारीख.

"चाळीस," म्हणाले.

तो संच आता कोणाच्याच कामाचा नव्हता. ती परीक्षा होऊन गेली होती, अर्धी मुलं अभ्यासिका सोडून गेली होती. मागे तिघे ताटकळत होते, मशीन तापलेलं होतं. एकजण पुढे घुसायला बघत होता, आणि या वेळी काका मागे सरकले नाहीत.

मी ट्रेमध्ये चाळीस कोरे कागद भरले आणि बटण दाबलं.