स्लोगाच्या मयताचं बोलावणं

आमच्या यासेनिक गावात माणूस मेला की चर्चशेजारच्या फलकावर काळ्या काठाची चिठ्ठी लागते. वर फोटो, मध्ये नाव आणि वय, खाली अंत्यविधीची वेळ आणि सगळ्यात खाली शोकाकुल कोण कोण, त्यांची नावं. पाव आणायला निघालेला माणूससुद्धा आधी फलकापाशी थांबतो. लग्नाला नाही गेलात तर आमच्याकडे चालून जातं, पण मयताला नाही गेलात तर लोक ते जन्मभर लक्षात ठेवतात. हे आधी सांगितलं, कारण श्टेफामावशीनं क्लब वाचवला तो याच फलकावर.

मी तुन्या, ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि स्लोगा फुटबॉल क्लबचा गोली आहे. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, तरी आहेच, कारण गोलमध्ये उभं राहायला दुसरं कुणी तयार नाही. स्लोगा म्हणजे एकोपा. क्लबच्या समितीत मी निम्मं आयुष्य काढलं, तिथं एकोपा सोडून बाकी सगळं पाहिलं.

क्लब काढला तो वीटभट्टीच्या कामगारांनी. पहिले शर्ट पिठाच्या पोत्यांचे शिवले आणि ईस्टरची अंडी रंगवतात तसे कांद्याच्या सालींत उकळून काढले. तेव्हापासून आमचा रंग विटकरी. मैदान एका बाजूला उतरतं आहे, कारण त्या बाजूची माती भट्टीवाल्यांनी आधीच खणून नेली होती. पाहुण्या संघाला आम्ही पहिल्या अर्ध्यात मुद्दाम चढावर पाठवतो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे आणि सगळा जिल्हा त्यावरून आम्हाला शिव्या घालतो.

श्टेफामावशी उताराकडच्या गोलमागच्या घरातच जन्मली. तिच्या आईच्या कोबीच्या वाफ्यात दर रविवारी बॉल पडायचा. आमचा डावा बचावपटू आंद्रिया याचा पाय तसा सरळ होता, पण एका उन्हाळ्यात त्याचा प्रत्येक बॉल कोबीतच जायला लागला. आणायलाही तोच जायचा. शेवटी श्टेफा बॉल काखेत धरून कुंपणाशी उभी राहिली.

“बॉल पाहिजे? मग आधी या कोबीचं काय करणार ते बोल.”

“लग्न करतो,” आंद्रिया म्हणाला.

“कोबीशी?”

बाकीचे मैदानात ताटकळत उभे होते, रेफ्रीही उभा होता. ही गोष्ट मी माझ्या वडिलांकडून ऐकली, ते तेव्हा उजव्या बाजूला खेळायचे. ते म्हणायचे, बॉल परत आला तेव्हा आंद्रियाचा चेहरा आमच्या शर्टासारखा झाला होता.

त्यांना मूलबाळ झालं नाही. पुढे युद्ध आलं, खेळाडूंच्या खोलीचं छप्पर गेलं, ते पुन्हा घातलं. भट्टी बंद पडली. आणि एका सप्टेंबरात आंद्रिया छातीच्या दुखण्यानं गेला. आम्ही त्याला विटकरी शर्ट घालून खांद्यावरून नेलं. तेव्हा मी तरुण होतो, पहिल्यांदाच कुणाची पेटी उचलत होतो, आणि ती इतकी हलकी कशी, हे मला कळेना.

ऑक्टोबर लागला. आमच्याकडे ऑक्टोबरात थंडीसाठी लाकडं फोडून रचून ठेवावी लागतात. कुणी ठरवलं ते आता आठवत नाही, पण एका शनिवारी सराव सोडून सगळा संघ कुऱ्हाडी घेऊन तिच्या अंगणात गेला. तिला विचारलंसुद्धा नाही. ती आवाजानं जागी झाली, शाल ओढून बाहेर आली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, “तुन्या, ते लाकूड असं फोडतात का रे? बोटं जातील तुझी, मग गोलमध्ये काय नाकानं अडवणार?”

त्या आठवड्यापासून संघाचे शर्ट ती धुवायला लागली. मॅच संपली की आम्ही घामेजलेले, चिखलाचे शर्ट काढून तिच्या कुंपणावर टाकायचो आणि पुढच्या मॅचला ते घड्या घालून खोलीत मिळायचे. मॅचनंतर दोन्ही संघांना आणि रेफ्रीला जेवण घालायची आमच्याकडची रीत. तेही तिनं स्वतःकडे घेतलं. धुरावलेल्या बरगड्या घातलेला घेवडा, भलंमोठं पातेलं विस्तवावर टांगून. शेजारच्या पोदलुगचे खेळाडू आमच्याशी मैदानात हाणामारी करायचे आणि नंतर तिच्यापुढे ताटली धरून लहान पोरांसारखे रांगेत उभे राहायचे. “तू माझ्या तुन्याच्या पायावर लाथ मारलीस ना? मग तुला बरगडी नाही, नुसता घेवडा,” असं म्हणून ती बरगडी वाढायची. दर ऑक्टोबरात आम्ही लाकडं फोडायला जायचो. कुणी कुणाला थँक्यू म्हणायचं नाही.

मग पोरं जायला लागली. दावोर डब्लिनला गेला, तिहो स्टुटगार्टला. एकेक करून मधली फळी गेली, पुढची गेली. बस भरून लोक जायचे आणि परतीची बस रिकामी यायची. आम्ही सगळ्यात खालच्या गटात खेळत होतो, त्याच्या खाली फक्त गाईगुरं. मॅच सुरू करायला निदान सात माणसं लागतात आणि तीनदा संघ उभा राहिला नाही तर जिल्ह्याची संघटना क्लबचं नाव काढून टाकते. त्या वसंतात आमचा संघ दोनदा उभा राहिला नाही. पोदलुगविरुद्धचा रविवार हा तिसरा होता आणि आमच्याकडे माझ्यासकट पाच माणसं होती.

आमचा अध्यक्ष ब्लाझ पशुवैद्य आहे. त्यानं समितीला खोलीत बोलावलं. श्टेफामावशी कोपऱ्यात पातेलं घासत होती.

“आता ओढाताण नको,” ब्लाझ म्हणाला. “संघटनेला कळवू. सन्मानानं बंद करू.”

“सन्मानानं म्हणजे कसं?” मी विचारलं.

“म्हणजे... गाजावाजा न करता.”

मावशीनं घासणी खाली ठेवली. “गाजावाजा न करता तुझ्याकडे मेलेली गाय पुरतात, ब्लाझ. माझं माणूस मेलं तर मी फलकावर चिठ्ठी लावते.”

“मावशी, क्लब आहे तो. माणूस नाही.”

“मग तू आंद्रियाला शर्ट कशाला घातलास?”

मावशी हात पुसून निघून गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली असेल. ती गेली होती मार्तिनकडे. पेट्या, पुष्पचक्रं आणि चिठ्ठ्या हे सगळं आमच्याकडे मार्तिनच बघतो.

दुसऱ्या दिवशी मी पाव आणायला निघालो तर फलकापाशी ही गर्दी. काळा काठ, वर जुन्या संघाचा फोटो, त्यात आंद्रिया हाताची घडी घालून. खाली लिहिलं होतं:

“आमचा लाडका स्लोगा, वय अठ्ठ्याऐंशी, दीर्घ आजारानं आम्हाला सोडून चालला आहे. अंत्यविधी रविवारी दुपारी चार वाजता मैदानावर. कृपया फुलं आणू नयेत. बूट आणावेत.”

आणि खाली शोकाकुल. दावोर, डब्लिन. तिहो, स्टुटगार्ट. परदेशी गेलेला एकेक पोरगा, नावानिशी, गावानिशी. या सगळ्यांची नावं अजून आमच्याच क्लबात नोंदलेली होती. तिकडे दुसऱ्या संघात जायला त्यांना सवड कुठली?

ब्लाझ दात-ओठ खात आला. “मावशी, जित्या क्लबची चिठ्ठी! अगं लोक काय म्हणतील? फादर काय म्हणतील?”

“फादर सकाळीच वाचून गेले. म्हणाले, फोटो छान आलाय.”

कुणीतरी चिठ्ठीचा फोटो काढून पाठवला आणि दुपारपर्यंत तो डब्लिनला पोचला. आईबापांनी मॅचसाठी बोलावलं असतं तर पोरांनी कामाचं कारण सांगितलं असतं. पण शोकाकुलांत आपलं नाव छापून आलंय आणि आपण गेलो नाही, हे पचवायला फार मोठं पोट लागतं. दावोरनं मावशीला फोन केला. मी तिच्या स्वयंपाकघरातच बसलो होतो.

“मावशी, हे काय चालवलंयस? मी शोकाकुल? मला कुणी विचारलं का?”

“मग नाहीयेस का तू शोकाकुल?”



“तसं नाही गं. पण सुट्टी...”

“तुझ्या आजीच्या वेळेला मिळाली होती ना? हा तुझ्या आजीपेक्षा मोठा आहे वयानं.” आणि तिनं फोन ठेवला. ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. “तुन्या,” ती म्हणाली, “नाही आले तर? मग मी रविवारी काय करायचं रे? एवढं मोठं पातेलं माझ्या एकटीसाठी कुठं चढवू?”

मला तिच्या या प्रश्नाची भीती वाटली, ती आजही आठवते.

रविवारी मैदानावर जेवढी मंडळी जमली तेवढी आमच्याकडे कधी जमली नव्हती. म्हाताऱ्या बायका खरोखरच काळे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन आल्या. एकीनं मला हळूच विचारलं, “पेटी कुठाय?” पोदलुगवाल्यांनी पुष्पचक्र आणलं होतं, त्याच्या फितीवर “तुमच्या उताराची आठवण येईल” असं छापलेलं. आणि मैदानात आम्ही पाच जण. रेफ्री घड्याळ बघत होता. मावशी कुंपणाला धरून रस्त्याकडे बघत होती आणि तिच्या मागे विस्तवावर पातेलं टांगलेलं होतं. तिनं घेवडा आदल्या दिवशीच भिजत घातला होता.

चाराला थोडंसं कमी असताना पॉपलरच्या रांगेपलीकडून एक जर्मन नंबरची गाडी आली. तिहो उतरला, डोळे लाल, हातात बूट. मागे दुसरी. मग विमानतळावरून भाड्यानं घेतलेली एक व्हॅन, तिच्यातून दावोर आणि आणखी चौघं, सगळे अवघडलेले. रेफ्रीनं मोजून बघितलं आणि शिट्टी तोंडात घातली.

आम्ही हरलो. पाच गोल खाल्ले, त्यातला एक माझ्या पायांमधून गेला. आमचा एकच झाला, तो दावोरनं केला, आणि काळ्या कपड्यातल्या म्हाताऱ्या बायका मेणबत्त्या हलवत ओरडल्या. मॅच संपल्यावर सगळ्यांनी शर्ट काढून मावशीच्या कुंपणावर टाकले. कितीतरी वर्षांनी ते कुंपण पूर्ण भरलं. मावशी वाढता वाढता रडत होती आणि धुराला दोष देत होती.

“थँक्यू, पोरांनो,” ती म्हणाली. आमच्यात हा शब्द पहिल्यांदाच आला, त्यामुळे कुणाला कुठं बघावं कळेना.

“लाकडं झाली का फोडून?” तिहोनं विचारलं.

“एप्रिल आहे गाढवा,” मावशी म्हणाली. तिनं त्याला दोन बरगड्या वाढल्या.

क्लब राहिला. पोरांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या, कुणी ना कुणी येतच राहिलं. पुढे कोंबड्यांच्या फार्मवर कामाला आलेले दोन नेपाळी पोरगे आमच्याकडे खेळायला लागले. ते मावशीला आमा, म्हणजे आई, म्हणायचे आणि ते डुक्कर खात नसत म्हणून ती त्यांना बरगडी बाजूला काढून नुसता घेवडा वाढायची.

गेल्या फेब्रुवारीत श्टेफामावशी झोपेतच गेली. मार्तिननं चिठ्ठीचा मजकूर मला विचारला. वय सांगितलं, वेळ सांगितली. शोकाकुलांपाशी तो थांबला, कारण तिला जवळचं कुणी नव्हतं. मी नावं सांगायला लागलो.

“तुन्या, एवढी नावं बसणार नाहीत कागदावर.”

“अक्षर बारीक कर.”

“वाचता येणार नाही मग.”

“ज्याचं त्याला येईल.”

चिठ्ठीचा फोटो बघून संध्याकाळी दावोरचा फोन आला. हसत होता. “मावशी सुधारणार नाही बघ! फेब्रुवारीत कसली मॅच रे? कुणाशी आहे?”

मी खुर्ची ओढून बसलो.

“तुन्या? अरे सांग ना, कुणाशी आहे?”

तिहोनंही तेच विचारलं. इतरांनीही विचारलं. प्रत्येकाला मला वेगळं सांगावं लागलं की ही चिठ्ठी खरी आहे. सांगूनही त्यांचा विश्वास बसला नसावा, किंवा त्यांना बसू द्यायचा नसावा. सगळे आले, आणि प्रत्येकाच्या बॅगेत बूट होते.

आम्ही तिला विटकरी शर्ट घालून आंद्रियाशेजारी ठेवलं. मग कुणीच घराकडे वळेना. चिखल होता, रेफ्री नव्हता, अंधारून आलं होतं, तरी आम्ही मैदानावर गेलो आणि खेळलो. बॉल एकदा तिच्या कोबीच्या वाफ्यात गेला. तिथं आता नुसतं गवत होतं, आणि तो आणायला ब्लाझ गेला, अध्यक्ष असून. त्याला परत यायला फार वेळ लागला.

खेळ थांबल्यावर दावोरनं शर्ट काढला आणि सवयीनं तिच्या कुंपणावर टाकला. मग तिहोनं. मग नेपाळी पोरांनी, मग सगळ्यांनीच. टाकून झाल्यावर आमच्या लक्षात आलं आणि आम्ही उघडेच थंडीत उभे राहिलो.

ब्लाझनं पुढे होऊन एकेक शर्ट गोळा करून छातीशी धरायला सुरुवात केली. निम्मे झाल्यावर तो माझ्याकडे वळला.

“तुन्या, आधी गार पाण्यात भिजवायचे की गरम?”

“गार,” मी म्हणालो, आणि उरलेले मी घेतले.