सीमा घाडीगावकरची शिकवणी

सीमा घाडीगावकर आणि तिची चाळ यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. लालबागच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ती जन्मली आणि वाढली. बाप गिरणीत होता. तिने शिकून सॉफ्टवेअर कंपनीत वीस वर्षं काढली, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्यात. घरी आल्यावर ती चाळीच्या चुका काढायची. जिन्यात कोण थुंकलं, नळ कोणी चालू ठेवला, सगळं तोंडावर. लोक तिला वचकून असत आणि पाठीमागे जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कंपनी सोडल्यावर एका संस्थेने निर्वासितांना कोडिंग शिकवायला माणसं मागितली, तेव्हा हिने नाव दिलं. पैसे मिळणार नव्हते, पण कोणी आपल्याकडून शिकेल याचाच तिला आनंद. वाट्याला आली नाहिद. काबूलहून आईला घेऊन आलेली, चोवीस वर्षांची. रे रोडला लाकडाच्या वखारींमागे एका खोलीत नऊ माणसं राहत, त्यात या दोघी. सकाळी ओढण्यांना मणी लावायचे आणि दुपारी सीमाकडे यायचं. चाळीखालच्या मसाल्याच्या गिरणीत मिरची कुटायला घेतली की शिंकून शिंकून तिच्या डोळ्यांना पाणी येई, पण कीबोर्डवरचे हात थांबत नसत. सीमाने आयुष्यात एवढं कौतुक कोणाचंच केलं नव्हतं.

चाळीला हे खपलं नाही. ‘आपल्या पोरांनी काय घोडं मारलंय?’ असं समोरच्या राधाबाई ज्याला त्याला विचारत. त्यांच्या विचारण्यात खोट नव्हती, हेही सांगायला हवं. सीमाकडे पहिल्यांदा शिकायला आली होती ती राधाबाईंची अनुजा. आठव्या दिवशी सीमाने तिला गॅलरीत, चारचौघांत सांगितलं, "तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. माझा वेळ फुकट घालवू नकोस." अनुजा पुन्हा आली नाही. राधाबाईंनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

चाळ समितीचे तात्या एकदा समजवायला आले. "बाहेरचं माणूस रोज येणार तर समितीच्या कानावर घालावं, एवढंच."

"समितीने आधी संडासातला दिवा लावावा," सीमा म्हणाली, "मग माझ्याकडे कान घेऊन यावं."

पावसाळ्यानंतर नाहिदची परीक्षा ठरली. परदेशातली एक कंपनी निर्वासितांना घरबसल्या काम देणार होती. दोन तासांची परीक्षा, एकच संधी. कॅमेरा चालू, माइक चालू, खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको. काम मिळालं तर माय-लेकींना वेगळी खोली घेता येणार होती. नऊ माणसांत परीक्षा कुठली द्यायची, म्हणून सीमाने आपली खोली दिली.

आता चाळीत दिवसा दार लावत नाहीत. बाहेर गेलात तर कुलूप, घरात असाल तर दार सताड उघडं, फार तर पडदा. आत माणूस असून दार बंद, म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि शेजारी विचारायला येणारच. नाहिदला मुंबईत येऊन दोन वर्षं झाली होती, तिलाही हे उमगलं होतं. "दीदी, पड़ोस में बता दीजिए," ती आदल्या दिवशी म्हणाली.

"माझ्या घराचं दार लावायला मी कोणाची परवानगी घेणार नाही."

सकाळी अकराला नाहिदला आत बसवून सीमाने दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसली. सव्वा तास बरा गेला. मग राधाबाई उंबऱ्यावरून उठून आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलल्या, तेही हळू.

"दार कित्याक लायलंस गे? चेडू आत आसा मां?"

पोर आत परीक्षा देतेय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सीमा म्हणाली, "तुमच्या घरात कोण काय करतं, विचारायला येते मी?"

राधाबाई तात्यांना घेऊन आल्या. तात्या दारापासून दोन हात लांब उभे राहिले. "काय झालंय, एवढं सांग," ते म्हणाले. सीमा स्टुलावरून उठली आणि तिचा बांध फुटला. थुंकण्यापासून संडासापर्यंत सगळं निघालं. "ती कुठून कुठे आली ते बघा. तुमच्या एकाच्या तरी पोरीची लायकी आहे का तिच्या शेजारी बसायची?" अनुजा समोरच्या दारात उभी होती.

तेवढ्यात दार आतून उघडलं. दारात नाहिद होती. परीक्षा बंद झाली होती.

त्याच संध्याकाळी सीमाने संस्थेला कडक पत्र लिहिलं. चाळीतल्या लोकांनी द्वेषाने परीक्षा उधळली, मुलीला दुसरी संधी मिळालीच पाहिजे. खाली दोषी म्हणून तात्यांचं आणि राधाबाईंचं नाव घातलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. कंपनीने ध्वनिमुद्रण ऐकलं होतं, सोबत पाठवलंही होतं. दुसरी संधी नाही.

दोघींनी ते शेजारी बसून ऐकलं. बराच वेळ नुसती बटणांची टकटक. मग एका बाईचा आवाज, काय म्हणाली ते कळत नव्हतं. एका पुरुषाचा, त्याहून पुसट. आणि मग सीमाचा, शब्द न् शब्द स्पष्ट, चार मिनिटं.

नाहिदने लॅपटॉप मिटला आणि पुसून टेबलावर ठेवला.

"वो दोनों तो धीरे बोल रहे थे, दीदी," ती म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरली. संध्याकाळपर्यंत तिला ओढण्या पोचवायच्या होत्या.