तळ्यावरची रिकामी बादली

२००५ च्या सुमारास मी व्हर्जिनियातल्या एका सरकारी ऑफिसात होते. कृष्णवर्णीयांच्या उद्योगांना निधी मिळायचा, त्याचे अर्ज मी तपासायचे. त्यांतले एक अर्जदार तळ्यात मासे वाढवून विकायचे. मी फोन केला की दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, बुटांना चिखल. बोलण्याआधी अंगठीने काउंटरवर दोनदा टकटक करायचे. मी म्हणायचे, "अजून एक कागद लागेल." ते म्हणायचे, "आणतो, मॅडम." आवाज कधी चढला नाही.

तिसऱ्या वर्षीही त्यांचा अर्ज मंजूर झाला नव्हता, तेव्हा मी त्यांचं तळं बघायला गेले. पाणी काळं आणि अगदी स्थिर होतं. त्यांनी अंगठीने बादलीवर दोनदा टकटक केली, आणि तळंभर तोंडं वर आली. शेकडो कॅटफिश, आ वासलेले, आवाज मात्र काहीच नाही.

बादली रिकामी होती.

"खाणं नाही टाकत?"

"आज नाही. तरी येतात." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुमचा फोन आला की मीपण येतो."

माझ्या बॅगेत नव्या कागदांची यादी होती. मी ती त्यांच्या हातात दिली.

"आणतो, मॅडम."

पाण्यातली तोंडं अजून उघडीच होती.